एका प्रोफाइलमध्ये एकच फोन

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानासाठी तुम्ही सोयाबीन-तुरीच्या भावाचं पान केलंत, तर ते बहुतेक साध्या अँड्रॉइड फोनवर उघडणार. लॅपटॉपवर खिडकी बारीक करून ‘मोबाइलवर चालतंय’ म्हणू नका. त्याने फक्त रुंदी बदलते. सर्व्हरला (पान पाठवणाऱ्या संगणकाला) ब्राउझर अजून विंडोजच सांगतो. त्याऐवजी तपासणीपुरतं क्रोमलाच फोनचं सोंग घ्यायला लावा.

त्यासाठी क्रोममध्ये प्रत्येक फोनसाठी वेगळं प्रोफाइल काढा. एकाच प्रोफाइलमध्ये फोन बदलत राहिलात तर आधीच्या कुकीज आणि कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाइली) आड येतात आणि बिघाड नक्की कशाचा ते कळत नाही.

डेव्हटूल्सच्या, म्हणजे क्रोममधल्याच तपासणीच्या साधनांच्या, सेटिंग्जमधून डिव्हाइस जोडा: 360 × 800, पिक्सेल रेशो 2 (पानाच्या एका पिक्सेलला पडद्याचे दोन), प्रकार मोबाइल. हाच 720 × 1600 पडद्याचा स्वस्तातला फोन.

खरा घोळ ओळखीचा. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आहे. क्रोम आपली ओळख दोन ठिकाणी सांगतो: यूजर एजंटची जुनी ओळ (ब्राउझर आणि फोनचं नाव सांगणारी) आणि क्लायंट हिंट्स (तीच माहिती वेगवेगळ्या हेडरमध्ये, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या ओळींमध्ये). यूजर एजंट बदलणारी बरीच एक्स्टेन्शन फक्त पहिली बदलतात. मग एकीकडे अँड्रॉइड, दुसरीकडे विंडोज. सर्व्हर ज्यावर विश्वास ठेवेल तसं पान येतं. असली एक्स्टेन्शन काढूनच टाका.

दोन्ही गोष्टी डिव्हाइसच्या त्याच फॉर्ममध्ये भरा. नेटवरच्या यादीतून जुनी ओळ उचलू नका. आजचा अँड्रॉइडवरचा क्रोम त्या ओळीत फोन कुठलाही असला तरी ‘अँड्रॉइड 10’ आणि मॉडेलच्या जागी ‘के’ एवढंच लिहितो. खरं मॉडेल आणि आवृत्ती हिंट्समध्ये, तीही सर्व्हरने मागितली तरच जाते. म्हणून हिंट्समध्ये प्लॅटफॉर्म अँड्रॉइड, मोबाइलवर टिक, आणि क्रोमची मुख्य आवृत्ती दोन्हीकडे एकच ठेवा. रिलोड करून नेटवर्क टॅबमध्ये रिक्वेस्टचे हेडर स्वतः वाचा. तिथे दिसेल तेच खरं.

आयफोनच्या प्रोफाइलमध्ये हिंट्स रिकाम्या ठेवा, कारण सफारी त्या पाठवतच नाही. पण इंजिन क्रोमचंच राहतं. त्यामुळे सफारीतले दोष इथे दिसणार नाहीत. त्यासाठी आयफोनच हातात घ्यावा लागतो. क्रोमवर ‘आयफोन’ निवडून काम पास करणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

साध्या फोनचा वेग यावा म्हणून डेव्हटूल्समध्ये नेटवर्क ‘स्लो 4जी’ आणि सीपीयू चारपट मंद ठेवा. डेव्हटूल्स बंद केले की हे सगळं सोंग उतरतं, तेव्हा तपासणीभर ते उघडेच ठेवा. काम ग्राहकाकडे देण्याआधी एक खरा अँड्रॉइड यूएसबीने जोडून तेच पान एकदा पाहा.