वेबसाइट आहे, पण गिऱ्हाईक येत नाही? की-वर्ड निवडताना या चुका टाळा

की-वर्ड म्हणजे गिऱ्हाईक गुगलवर शोधताना टाइप करतो ते शब्द. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली या औद्योगिक वसाहतींत ज्याला 'एसजी' म्हणतात, त्याच ओतीव लोखंडाला अमेरिकेतला खरेदीदार 'डक्टाइल आयर्न' म्हणतो. कुणी 'नोड्युलर'ही म्हणतो. माल एक, नावं तीन. गुगलला समानार्थी शब्द बऱ्यापैकी कळतात, पण कास्टिंगचा (ओतीव भागांचा) खरेदीदार नुसत्या नावावर थांबत नाही. तो ग्रेड टाकून शोधतो: भारतीय मानकाप्रमाणे 'एसजी ५००/७', युरोपातला असेल तर 'ईएन-जीजेएस-५००-७', अमेरिकेतला असेल तर 'एएसटीएम ए५३६'. कोल्हापूरच्या फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) वेबसाइटवर मात्र 'सर्व प्रकारचे दर्जेदार कास्टिंग' एवढंच असतं. ग्रेड नाही, एका नगाचं वजन किती किलोपासून किती किलोपर्यंत ते नाही, मशिनिंग करून देता की कच्चं, तेही नाही. ज्या शब्दांनी शोध होतो, त्यातला एकही शब्द पानावर नसेल, तर गुगल ते पान दाखवणार तरी कशाच्या जोरावर?

दुकानातला शब्द म्हणजेच गिऱ्हाइकाचा शब्द, असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोल्हापूरकर 'अंबाबाईचं देऊळ' म्हणतो, पण बाहेरगावचा भाविक लॉज शोधताना बहुतेक वेळा 'महालक्ष्मी मंदिराजवळ' असंच टाइप करतो. लॉजच्या पानावर दोन्ही नावं हवीत. पहिल्या ओळीत एक आणि पत्ता-अंतराच्या वाक्यात दुसरं, इतक्या सहज. चपलेचंही तसंच. कारागिरांच्या तोंडी पायताण, कापशी, कानवाली असे शब्द आहेत आणि पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक 'कोल्हापुरी चप्पल पुरुषांसाठी' किंवा 'कोल्हापुरी चप्पल ब्राइडल' असं शोधतो. म्हणून कापशी हा शब्द टाकून देऊ नका. त्याच्या शोधात स्पर्धा कमी आणि शोधणारा पक्का गिऱ्हाईक असतो. मोठ्या शब्दासाठी एक पान, कापशीसाठी वेगळं पान.

गुळाच्या बाबतीत लिपीचाही घोळ आहे. मराठी माणूस 'गूळ' लिहितो, कुणी 'गुळ', हिंदी भाषक 'गुड़', इंग्रजीतून शोधणारा 'जॅगरी', आणि मोबाइलवर रोमन लिपीत मराठी टाइप करणारे तर आपापल्या मनाचं स्पेलिंग करतात. ऱ्हस्व-दीर्घाची आणि स्पेलिंगची चूक गुगल बहुतेकदा सांभाळून घेतं, त्यासाठी मुद्दाम अशुद्ध लिहायची गरज नाही. भाषा बदलली की मात्र वेगळं पान लागतं. एकाच पानात तिन्ही भाषांची खिचडी केली तर ते कुणालाच धड वाचता येत नाही.

शब्द मिळवायचे कुठून? आधी आपल्याच फोनमधून. गेल्या तीन महिन्यांतल्या व्हॉट्सअॅप चौकशा उघडा आणि लोकांनी पहिल्या मेसेजात वापरलेले शब्द जसेच्या तसे एका शीटमध्ये उतरवा. त्यांच्या चुकांसकट. काउंटरवर बसणाऱ्याला आठवडाभर वही ठेवायला सांगा. अशा ४०-५० ओळी झाल्या की त्या एकेक करून गुगलच्या शोधचौकटीत टाका, खाली येणाऱ्या सूचना टिपा, 'लोक हेही विचारतात' मधले प्रश्न टिपा. हे ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) विंडोत करा. त्यामुळे आपला जुना शोध-इतिहास बाजूला राहतो, ठिकाण मात्र नाही. कोल्हापुरात बसून दिसणाऱ्या सूचना पुण्यातल्या माणसाला तशाच दिसतील असं नाही.

की-वर्ड प्लॅनरचे आकडे उलटे वाचणं

एखादा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो, ते की-वर्ड प्लॅनर सांगतं. गुगल अॅड्सचं (गुगलच्या जाहिरात सेवेचं) खातं काढलं की हे साधन फुकट वापरता येतं, पण जाहिराती चालू नसतील तर ते नेमका आकडा न देता '१०० ते १ हजार' असा पट्टा दाखवतं. १५० शोध आणि ९०० शोध एकाच पट्ट्यात बसतात. म्हणून या पट्ट्यांवरून पहिला-दुसरा नंबर लावू नका, फक्त 'शोध आहे की नाही' एवढंच ठरवा.

दुसरा गोंधळ 'कॉम्पिटिशन' या रकान्याचा. तिथलं 'लो' किंवा 'हाय' हे जाहिरातदारांमधल्या स्पर्धेबद्दल आहे. फुकटच्या निकालांत वर येणं सोपं की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही. 'लो' बघून खूश झालेल्यांची पानं वर्षभर तळातच राहतात.

तिसरी चूक ठिकाणाची, आणि ती आपल्याकडे फार होते. लॉजवाला प्लॅनरमध्ये ठिकाण म्हणून 'कोल्हापूर' निवडतो आणि आकडा बघून म्हणतो, 'कुणी शोधतच नाही.' कोल्हापूरचा माणूस कोल्हापुरात लॉज कशाला शोधेल? तो शोध पुण्यात, मुंबईत, सोलापुरात, बेळगावात होतो. याउलट आरओ दुरुस्ती, डबा, दाताचा दवाखाना यांचं गिऱ्हाईक गावातच आहे, तिथं कोल्हापूरच निवडायचं. गिऱ्हाईक शोधताना कुठं बसलेलं असतं, हे आधी ठरवा. भाषेच्या जागी 'सर्व भाषा' ठेवा, कारण नुसती मराठी निवडली तर ज्यांचा फोन इंग्रजीत सेट आहे अशांचे मराठी शोध निसटू शकतात.

शोधणाऱ्याला काय हवंय, ते न बघणं

'व्हेज कोल्हापुरी' हा शब्द मसालेवाल्यांना आणि हॉटेलवाल्यांना फार आवडतो. शोध भरपूर, नावात गाव. गुगलवर टाकून बघा: पाककृतीच पाककृती, व्हिडिओसकट. तो माणूस स्वयंपाकघरात उभा आहे, हॉटेल शोधत नाही. तिथं तुमचं 'आमच्याकडे या' पान वर येणार नाही, आलं तरी कुणी टेबल बुक करणार नाही. मसालेवाल्याला मात्र वाट आहे: स्वतःचा कांदा-लसूण मसाला वापरून चार माणसांच्या प्रमाणाची नीट पाककृती द्या आणि मसाल्याच्या पानाची लिंक तिथंच ठेवा.

यासाठी कोणतंही महागडं साधन लागत नाही. प्रत्येक शब्द टाका आणि पहिले दहा निकाल मोजा. सात-आठ पाककृती असतील तर शोध माहितीचा, दुकानं आणि किमती असतील तर खरेदीचा, वर नकाशा येत असेल तर जवळच्या जागेचा. 'कोल्हापुरी साज डिझाइन' टाकल्यावर फोटोंची रांग येते. तिथं लांबलचक लेखाचा उपयोग नाही, फोटो लागतात. 'आयएमजी_००४५' अशा नावाचे नव्हेत, तर ओळखू येणारं फाइलनाव आणि वर्णनाची एक ओळ असलेले.

एका लाटेवर वर्षाची आखणी

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि एकदम सगळीकडे हाच विषय झाला. अशा वेळी बातमी शोधणारे लाखो आणि चप्पल घेणारे त्यातले थोडे. शोधांचा काळानुसार चढ-उतार दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्समधला ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नसतो. निवडलेल्या काळातल्या सर्वांत वरच्या टोकाला १०० धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवतात. एक उंच सुळका आला की उरलेलं वर्ष सपाट दिसतं आणि वाटतं धंदाच बसला. सुळक्याआधीची दोन-तीन वर्षं वेगळी काढून बघा, खरा हंगाम तिथं दिसेल. बातमी विरते, पण 'अस्सल कोल्हापुरी चप्पल कशी ओळखायची' हा प्रश्न टिकतो. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या प्रश्नाला सांगण्यासारखं ठोस उत्तरही आहे.

हंगामी पान आयत्या वेळी टाकू नका. नवरात्रासाठी लॉजचं पान निदान दोन-तीन महिने आधी चालू हवं, आणि दरवर्षी पानाचा नवा वेब-पत्ता (यूआरएल) न काढता तेच पान सुधारायचं. पत्त्यात साल घातलं की दर वर्षी शून्यापासून सुरुवात.

गावागावांची पानं आणि नावात कोंबलेले शब्द

कागल, इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज अशी नावं बदलून तोच मजकूर वीस पानांवर टाकणं गुगलच्या स्पॅम धोरणात थेट बसतं. त्या गावात खरंच शाखा, वेगळा दर किंवा घरपोच वेळ असेल तरच वेगळं पान. गुगल नकाशावर दिसणाऱ्या बिझनेस प्रोफाइलच्या नावातही 'बेस्ट मिसळ कोल्हापूर राजारामपुरी' असं कोंबू नका. पाटीवर असेल तेच नाव चालतं, नाहीतर प्रोफाइल बंद पडू शकतं. मुख्य कॅटेगरी एकच, आणि ती अचूक. मेटा की-वर्ड टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) भरून देण्याचे कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. गुगल तो टॅग क्रमासाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय.

शब्द बरोबर, तरी दिसत नाही: मग हे तपासा

सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गुगलवर कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्या साधनात) पानाचा वेब-पत्ता वरच्या चौकटीत टाका. पान इंडेक्समध्ये, म्हणजे गुगलच्या नोंदीत, नसेल, तर की-वर्डची चर्चाच व्यर्थ. वर्डप्रेसवर साइट बांधताना सेटिंग्जच्या 'रीडिंग' भागात सर्च इंजिनांना मज्जाव करणारी खूण केलेली असते. साइट सुरू झाल्यावर ती काढायला विसरतात.

मराठी साइटचा खास रोग वेगळाच. डीटीपीवाल्यानं श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर तसाच चिकटवलेला असतो. पडद्यावर छान मराठी दिसतं, गुगलला मात्र रोमन अक्षरांचा कचरा. तपासणी अर्ध्या मिनिटाची: पानावरची एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. अक्षरं बदलली तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) आणा. ओळ निवडताच येत नसेल तर तो मजकूर नाही, चित्र आहे. माहितीपत्रकाचा फोटो लावलेल्या साइट अशाच असतात.

यातून पार पडलात तर सर्च कन्सोलमधला परफॉर्मन्स अहवाल उघडा. तिथं १६ महिन्यांपर्यंतची माहिती असते, पण सुरुवातीला तीनच महिने दिसतात, म्हणून तारीख वाढवा. इम्प्रेशन (निकालांत पान किती वेळा दिसलं तो आकडा) जास्त आणि सरासरी स्थान ८ ते २० मध्ये असलेल्या क्वेरी, म्हणजे लोकांनी टाकलेले शोध, वेगळ्या काढा. सगळ्यात कमी कष्टात फळ तिथं आहे. अशा क्वेरीवर टिचकी मारून 'पेजेस' बघा. आपलीच दोन पानं आलटून-पालटून येत असतील, तर एक ठेवून दुसऱ्याचा मजकूर त्यात घ्या आणि जुना वेब-पत्ता ३०१ रीडायरेक्टनं (कायमच्या वळणानं) तिकडं वळवा.

बदल एका वेळी एकाच पानावर करा, तारीख लिहून ठेवा आणि २८ दिवसांची आधीच्या २८ दिवसांशी तुलना करा. हंगामी धंद्यात ही तुलना फसवते, तिथं मागच्या वर्षीचा तोच काळ घ्यायचा. मात्र नवरात्र तिथीनं सरकतं: २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला बसलं, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. त्यामुळे 'गेल्या वर्षीशी तुलना' हा तयार पर्याय न घेता दोन्ही तारखा हातानं भरा.