एकाच पीसीवर दोन लिनक्स असतील तर फाइल्सची परमिशन अशी लावा

मुंबईतल्या घरात दोन पीसी ठेवायला जागा कुठंय, म्हणून एकाच मशीनवर दादाचं उबंटू, ताईचं फेडोरा आणि एक कॉमन पार्टिशन, त्यात गणेशोत्सव मंडळाचा अहवाल, बॅनरची डिझाइन्स, फोटो सगळं. मग दादाने उबंटूत वर्गणीचे आकडे भरले की ताईला फेडोरात ती फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, आणि कोणीतरी सांगतं सीएचमॉड ७७७ मार, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क देणारी कमांड. कृपया मारू नका, त्याने पीसीवरच्या कुठल्याही युजरला सगळं लिहिता-पुसता येतं, आणि तेच होम फोल्डरवर आतल्या फाइल्ससकट (डॅश कॅपिटल आर) मारलंत तर एसएसएचची, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची, प्रायव्हेट की पण चालायची बंद होते.

खरं कारण समजून घ्या. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम) पार्टिशनवर फाइलच्या मालकाचं नाव लिहिलेलंच नसतं, फक्त युजरचा नंबर असतो, यूआयडी. उबंटू आणि फेडोरा दोन्हीकडे पहिल्या युजरला १००० मिळतो, पुढच्याला १००१. म्हणजे उबंटूत दादा १०००; फेडोरात ताई दुसरी युजर असेल तर ती १००१, म्हणून दादाची फाइल तिला सेव्ह होत नाही; आणि फेडोरा ताईनेच टाकलं असेल तर तिकडे ती १०००, आणि दादाच्या खाजगी फाइल्स फेडोरात गुपचूप ताईच्या नावावर दिसतात. दोन्हीकडे टर्मिनलमधे एलएस डॅश एलएन मारून बघा, नावांऐवजी नंबर दिसतील, लगेच कळेल.

तर आधी ठरवा, दादा कायम १०००, ताई कायम १००१. फेडोरात ताईचा नंबर बदलायचा तर ती लॉगिन असताना होत नाही, त्यासाठी एक तात्पुरता अ‍ॅडमिन युजर बनवा, व्हील ग्रुपमधे (फेडोरात सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क, देणारा ग्रुप) घाला, पण त्याला यूआयडी स्वतः द्या, समजा १५००, नाहीतर सिस्टीम त्याला नेमका १००१ देऊन मोकळी होईल. त्या युजरने लॉगिन करा, युजरमॉडने ताईचा यूआयडी आणि ग्रुपमॉडने तिच्या ग्रुपचा नंबर १००१ करा, मग तिच्या होम फोल्डरवर सीएचओन (मालक बदलायची कमांड) कॅपिटल आर सकट चालवा, कारण ग्रुपमॉड जुन्या फाइल्सना हात लावत नाही. कॉमन पार्टिशनवरच्या तिच्या जुन्या फाइल्सचा मालकही हातानेच बदलावा लागेल.

आता दोघांनी मिळून वापरायचं फोल्डर. दोन्ही सिस्टीममधे "घर" असा ग्रुप बनवा, नाव काहीही असो पण नंबर सेम हवा, २००० द्या. दोघांना त्यात घालताना युजरमॉड डॅश ए कॅपिटल जी, तो ए विसरलात तर युजर बाकीच्या ग्रुपमधनं बाहेर पडतो, सुडोच जाईल. मग त्या फोल्डरवर सेटएफएसीएलने (ठराविक युजर किंवा ग्रुपला जादा परमिशन देणारी कमांड), डॅश कॅपिटल आर लावून, घर ग्रुपला रीड, राइट आणि कॅपिटल एक्स द्या, कॅपिटल अशासाठी की साध्या फाइल्स एक्झिक्युटेबल होऊ नयेत. हीच कमांड परत एकदा डॅश डी लावून चालवा म्हणजे पुढे बनणाऱ्या फाइल्सनाही तेच लागू होईल. माझ्या मते उमास्कशी (नव्या फाइल्सची डिफॉल्ट परमिशन ठरवणारी सेटिंग) खेळत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. बाहेरनं आणून टाकलेल्या फाइल्स मात्र कधी कधी जुनीच परमिशन घेऊन येतात, तेव्हा पहिली कमांड पुन्हा मारायची, बस.

एफएसटॅबमधे (कुठलं पार्टिशन कसं जोडायचं ते सांगणारी फाइल) ईएक्सटी४ च्या ओळीत यूआयडी इक्वल्स १००० लिहू नका, तो ऑप्शन तिथे चालत नाही आणि पार्टिशन माउंटच होत नाही. तो विंडोजच्या एनटीएफएस फाइलसिस्टीमसाठी आहे, म्हणजे दुसरी सिस्टीम विंडोज असेल तर यूआयडी, जीआयडी (ग्रुपचा नंबर), उमास्क तिथेच द्यायचे, आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करायचं, नाहीतर लिनक्सला ते पार्टिशन बहुतेक वेळा नुसतं वाचताच येतं.

अजून एक, ज्याच्याकडे सुडो आहे त्याला दुसऱ्याचं सगळं उघडता येतं, परमिशन कशीही लावा. ताईची बँकेची कागदपत्रं खरंच कोणी बघू नयेत असं असेल तर त्यांना वेगळं पार्टिशन द्या आणि त्यावर लक्स एन्क्रिप्शन लावा.