बेटा माशाचं पाणी सारखं गढूळ होत होतं

दर रविवारी बाऊल पूर्ण रिकामा करायचो, खडे नळाखाली खसखसून धुवायचो. तरी बुधवारपर्यंत पाणी दुधट, आणि मासा पंख मिटून तळाशी. घोळ माझ्या टापटिपीतच होता: माशाच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू खड्यांवर राहतात, ते मीच नळाच्या क्लोरीनने मारत होतो.

आता आठवड्यातून दोनदा फक्त पाव भाग पाणी बदलतो, क्लोरीन घालवणारे थेंब टाकून. बाऊलमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच खडे खळबळतो. साबण नाहीच. दाणेही कमी केले, उरलेले कुजतात.

नाशिकच्या थंडीत मात्र बाऊल पुरेना. बेटाला 25-26 अंश लागतात. शेवटी 20 लिटरची टाकी आणि हीटर घेतला. आठवड्याभरात कोपऱ्यात बुडबुड्यांचं घरटं, नर बेटा अंड्यांसाठी बांधतो ते. आई म्हणाली, "आता लग्नाचं बघा त्याच्या."