हृदयाच्या झडपांचा दाह आणि दोष: रुग्णाची शुश्रूषा कशी करावी

ऱ्हुमॅटिक तापामुळे हृदयाची झडप आकसलेला रुग्ण वॉर्डात दाखल झाला की केस पेपरवर आधी नाडी आणि रक्तदाब लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वेळी रात्री झोपताना किती उशा लागतात, हेही विचारून लिहावे. गोव्यातल्या सत्तरी किंवा पेडणे तालुक्याकडून आलेली बाई उशांचा आकडा सांगत नाही. ‘भिंतीला टेकून बसले म्हणजे जरा डोळा लागतो,’ एवढेच ती म्हणते, आणि फुप्फुसांत पाणी साचू लागल्याचे ते बोलके लक्षण असते. अशा रुग्णाला पाठीशी आधार देऊन बसते ठेवावे, पाय शक्यतो खाली सोडावेत आणि ऑक्सिजनची पातळी पाहून डॉक्टरांना लगेच कळवावे.

रुग्ण कसा बसला आहे, यावरून आणखीही काही कळते. हृदयाच्या बाह्य आवरणाला सूज आली असेल, तर आडवे झाल्यावर किंवा दीर्घ श्वास घेतल्यावर छातीत टोचते आणि पुढे वाकल्यावर बरे वाटते. म्हणून समोर टेबल घेऊन त्यावर उशी ठेवावी आणि रुग्णाला तिच्यावर टेकू द्यावे. वेदनाशामक गोळी अशा वेळी उपाशीपोटी देऊ नये. मात्र रक्तदाब उतरत आहे, मानेच्या शिरा फुगल्या आहेत आणि स्टेथोस्कोपमधून ठोके दबल्यासारखे ऐकू येत आहेत, असे एकत्र दिसले, तर आवरणात द्रव साचून हृदय दाबले जात असण्याचा धोका असतो. तेव्हा पुढच्या राउंडची वाट पाहू नये.

नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय अनियमित ठोक्यांच्या रुग्णात फसवी ठरते. शक्य असेल तेव्हा एकीने मनगट धरावे, दुसरीने छातीवर स्टेथोस्कोप ठेवावा आणि दोघींनी एकाच घड्याळावर मोजावे. दोन आकड्यांत जो फरक येतो, तितके ठोके मनगटापर्यंत पोहोचलेलेच नसतात.

वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर आणि काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर घ्यावे. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढले, तर ते अंगावर चढलेले मांस नसून शरीरात साठलेले पाणी असते. गोव्यात मीठ कमी करायला सांगताना ‘वरून मीठ घेऊ नका’ एवढे सांगून भागत नाही, कारण उकड्या तांदळाची पेज अळणी असली, तरी तिच्याबरोबर भाजलेला खारा बांगडा, मिस्कूट (कैरीचे लोणचे) किंवा खारातली तोरे (मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या) येतात. आजाऱ्याला पेज चांगली म्हणून घरची माणसे प्रेमाने देतात. त्यांना दोष न देता तोंडी लावायला काय द्यावे, ते सुचवावे. ताजी मासळी मीठ बेताने घालून चालते.

झडपेवर जंतुसंसर्ग झाल्याचा संशय असेल, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी वेगवेगळ्या ठिकाणांहून सहसा तीन वेळा ब्लड कल्चरसाठी (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) रक्त घेतले जाते. हा क्रम चुकला, तर जंतू ओळखणेच अवघड होते. त्यानंतर शिरेतून औषध बहुधा 4 ते 6 आठवडे चालते, म्हणून सुईची जागा रोज तपासावी आणि डोसाची वेळ घड्याळाप्रमाणे पाळावी. आंघोळ घालताना नखांखाली बारीक रेघा, बोटांच्या टोकांना दुखऱ्या गाठी दिसतात का, ते पाहावे. बोलणे अडखळले किंवा एक हात लुळा पडला, तर झडपेवरचा कण सुटून मेंदूत गेलेला असू शकतो. ही तातडीची वेळ असते.

ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या बेन्झाथिन पेनिसिलिन या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनाबद्दल मी आग्रहाने लिहीत आहे, कारण घसा दुखल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येणारा हा ताप पुन्हा आला, तर झडप आणखी बिघडते. मोठ्यांना सहसा 12 लाख युनिट्स दर 3 ते 4 आठवड्यांनी, अनेकांना वर्षानुवर्षे, द्यावे लागतात. अ‍ॅलर्जीची चौकशी आधी करावी आणि अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवावे. हे औषध दुधासारखे पांढरे आणि दाट असते. ते सुईत अडकते आणि घाईने ढकलले की फार दुखते. कुपी तळहातांत धरून कोमट करावी, रुग्णाला आडवे झोपवावे, पोटात काही गेले आहे याची खात्री करावी, स्नायूत खोलवर, दोन-तीन मिनिटे घेऊन, सावकाश द्यावे आणि नंतर अर्धा तास समोर ठेवावे. ज्या मुलाला पहिल्यांदा फार दुखले, ते मूल गणेशचवथीच्या गडबडीत तारीख चुकवते, आणि मग आईही फारशी आठवण करून देत नाही. म्हणून पुढची तारीख कार्डावर लिहून द्यावी आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही कळवून ठेवावी.

हृदयाच्या स्नायूलाच सूज आली असेल, तर विश्रांती हेच मुख्य काम. ताप उतरला म्हणून मुलगा फुटबॉलच्या मैदानावर धावत सुटू नये; डॉक्टर सहसा तीन ते सहा महिने खेळ बंद ठेवतात.

धातूची झडप बसवलेल्याला वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे औषध रोज एकाच वेळी घ्यावे लागते. आयएनआरचे (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आकड्याचे) लक्ष्य डॉक्टर ठरवतात: महाधमनीच्या झडपेला बहुधा 2 ते 3, मिट्रलला (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला) 2.5 ते 3.5. पालेभाजीने या औषधाचा परिणाम बदलतो, तरी तांबडी भाजी (लाल माठ) बंद करायची नसते. आठवडाभर जितकी खाता, तितकीच पुढच्या आठवड्यातही खावी. गुडघा दुखला म्हणून दुकानातून गोळी आणू नये. दात काढण्यापूर्वी झडपेचे कार्ड दंतवैद्याला दाखवावे आणि मूल हवे असलेल्या स्त्रीने गर्भ राहण्याआधीच हृदयतज्ज्ञांना भेटावे. शौच काळे झाले, हिरड्यांतून रक्त थांबेना किंवा झडपेचा टिकटिक आवाज एकाएकी दबला, तर 108 वर फोन करावा आणि औषधांची पिशवी व शेवटचा आयएनआर रिपोर्ट सोबत घ्यावा.