टँडमसाठी हँडलबार बॅग घेताय? आधी मागचं हँडल बघा

टँडमवर, म्हणजे दोघांनी एकामागे एक बसून पायडल मारायच्या सायकलवर, मी मागे बसते, दादा पुढे. रस्त्यात कुणी ना कुणी बाइकवरून ओरडून जातंच, "अहो, मागची पायडल मारत नाहीये!" उत्तर द्यायचं मी केव्हाच सोडलं. तेवढ्यात मला दादाच्या हातात खजूर ठेवायचा असतो, फोनवर पुढचं वळण बघायचं असतं, ढग बघून रेनकोट वर काढून ठेवायचा असतो. पायडल मारता मारता मला हात सोडता येतात. दादाला ते परवडत नाही, कारण हँडल त्याच्याकडे, गिअर-ब्रेक त्याच्याकडे.

बॅग कुणासाठी घ्यायची, याचं उत्तर खरं तर एवढ्यातच आहे. पण आमच्या लक्षात यायला ताम्हिणी घाटाचा उतार लागला.

पहिली बॅग आम्ही ऑनलाइन घेतली आणि फक्त लिटर बघून घेतली. टँडमवर माणसं दोन असली तरी कॅरिअर एकाच सायकलचं असतं, त्यामुळे जिथे जागा दिसेल तिथे कोंबायची सवय लागते. विळ्याकडे उतरताना पुढचं चाक थरथरायला लागलं. आधी नुसतं झिणझिणल्यासारखं, मग हँडल डावी-उजवीकडे फडफडायला लागलं. "हलू नकोस गं!" दादा ओरडला. मी श्वास धरून बसले. त्याने गुडघा फ्रेमच्या वरच्या नळीला दाबून धरला, ब्रेक हळूहळू लावत नेला आणि कडेला थांबलो. बॅग उघडली तर आत पंप, दोन ट्यूब, पान्यांचा संच, कुलूप, पाण्याची लिटरची बाटली आणि चिवड्याचं पाकीट. घरी येऊन काट्यावर टाकलं: चार किलो तीनशे ग्रॅम. शिवाय पट्टे सैल.

त्यानंतर आम्ही जे शिकलो, ते क्रमाने सांगते.

१. कोणत्या हँडलला, ते आधी ठरवा

पुढच्याला कॅप्टन म्हणतात, मागच्याला स्टोकर. साध्या सायकलला हँडल एक, टँडमला दोन, आणि त्यांच्यात मोठा फरक आहे. कॅप्टनचं हँडल वळतं. स्टोकरचं हँडल कॅप्टनच्या सीटखालच्या दांड्याला (सीटपोस्टला) आवळलेलं असतं, ते वळत नाही. म्हणून मागच्या हँडलवर ठेवलेल्या वजनाचा स्टिअरिंगला थेट त्रास होत नाही, पुढच्यावरच्या प्रत्येक शंभर ग्रॅमचा होतो.

पुढची बॅग स्टिअरिंगच्या अक्षाच्या पुढे आणि उंचावर लटकते. हळू चालताना, चढावर किंवा सिग्नलला निघताना ती हँडलला एका बाजूला पाडायला बघते. वेगात ती थरथरीला खतपाणी घालते. टँडमवर दोघांचं वजन, लांब फ्रेम आणि मागच्याची हालचाल हे सगळं सांभाळत कॅप्टन आधीच घामाघूम असतो. उतारावर टँडम एकट्याच्या सायकलपेक्षा जोरात पळते, कारण वजन जवळपास दुप्पट झालं तरी वारा अडवणारं अंग मात्र दुप्पट होत नाही. म्हणजे थरथर सुरू व्हायला हवा तो वेग टँडमला सहज मिळतो.

माझा नियम असा: चालत्या सायकलवर हाताशी लागणारं सगळं मागच्या हँडलशी, स्टोकरजवळ. पुढची बॅग घ्यायचीच असेल तर लहान घ्या.

२. सामान मांडा आणि काट्यावर टाका

बॅग बघायच्या आधी हे करा. जमिनीवर चादर पसरा आणि एका दिवसाच्या फेरीला लागतं ते सगळं मांडा. मग तीन ढीग करा. चालता चालता लागणारं: खाणं, फोन, पॉवर बँक, सनस्क्रीन, विंडचीटर, ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी) करत असाल तर ब्रेव्हे कार्ड. थांबल्यावर लागणारं: पाकीट, किल्ल्या, कॅमेरा. आणि लागू नये असं वाटणारं: ट्यूब, पंप, पाने, पंक्चरचं सामान.

तिसरा ढीग हँडलवर येताच कामा नये. टँडमच्या फ्रेममध्ये भरपूर मोकळी जागा असते, जड वस्तू तिथे फ्रेम बॅगेत, खाली आणि मधोमध ठेवा. पाणी बाटलीच्या पिंजऱ्यात. एक लिटर पाणी म्हणजे सरळ एक किलो, आणि ते हँडलवर टांगण्याइतका वेडेपणा नाही. पहिले दोन ढीग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. आमचे दोन्ही मिळून दोन किलोच्या आत बसले. पुढच्या बॅगेत दोन किलोपेक्षा जास्त जाऊ लागलं की मी सामान काढायला लागते. अडॅप्टर (बॅग हँडलला अडकवायचा जोड) बनवणाऱ्याने जास्त वजनाची परवानगी दिलेली असते, पण ती अडॅप्टर तुटू नये म्हणून. सायकल कशी चालेल ते त्याला माहीत नसतं.

३. दोरा घेऊन माप काढा

अडॅप्टर ठरावीक जाडीच्या नळीला बसतो. हँडलची जाडी स्टेमजवळ (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याजवळ), जिथे टेप नाही तिथे मोजायची. व्हर्निअर नसेल तर शिवणाचा दोरा एकदा गुंडाळा, खूण करा आणि पट्टीवर धरा. दोरा जवळपास १० सेंटिमीटर भरला तर नळी ३१.८ मिलिमीटरची. ८ च्या आसपास भरला तर २५.४ ची. जुन्या रोड सायकलींना २६ मिलिमीटरचं हँडलही असतं, तिथे दोरा ८.२ च्या जवळ जातो. दोन्ही हँडलं वेगवेगळी मोजा. आमचं पुढचं ३१.८ निघालं, मागचं २५.४. दोन्हीकडे तोच अडॅप्टर लागेल असं आम्ही गृहीत धरलं होतं. हँडल कार्बनचं असेल तर बनवणाऱ्याने लिहून परवानगी दिल्याशिवाय त्यावर काहीही आवळू नका.

मग पुढे दोन मापं: ड्रॉप, म्हणजे टोकं खाली वळलेलं हँडल असेल तर दोन्ही बाजूंच्या वळणांमधली मोकळी रुंदी आणि हँडलपासून टायरपर्यंतची उंची. ४२ सेंटिमीटरच्या हँडलवर २५ सेंटिमीटरची बॅग लावली तर दोन्ही बाजूंना साडेआठच उरतात, आणि त्यातच बोटं, केबल आणि ब्रेक लिव्हरचं फिरणं बसवायचं असतं. पुढे सस्पेन्शन असेल तर ते पूर्ण दबल्यावर टायर बॅगेला घासेल का, तेही बघा.

मागे मोजायचं ते वेगळं. स्टोकरने पायडल फिरवत बसायचं आणि दुसऱ्याने बघायचं की गुडघा सगळ्यात वर येतो तेव्हा हँडलपासून किती लांब राहतो. मग कॅप्टनने बसायचं, कारण मागच्या हँडलच्या पुढे लगेच त्याची पाठ आणि मांड्या असतात. इथे पेटीसारखी मोठी बॅग क्वचितच बसते. बसली तर कॅप्टनला दर पायडलला ढुसणी देते.

४. बुटाचा खोका बांधून बघा

पैसे घालवायच्या आधीची ही पायरी फुकट आहे आणि सगळ्यात उपयोगी. बुटाचा खोका घ्या, तळाशी दीड किलो तांदळाची पिशवी ठेवा, खोका टेपने आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी हँडलला घट्ट बांधा. उभ्या उभ्या हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. केबल दबते का? दबलेल्या केबलने ब्रेक जड होतो, आणि टँडमवर जड ब्रेक परवडत नाही. तुमच्या टँडमला मागच्या चाकाचा तिसरा, उतारावर वेग धरून ठेवणारा ड्रॅग ब्रेक असेल तर त्याचा लिव्हर बऱ्याचदा स्टोकरच्या हातात असतो, त्याचीही केबल तपासा.

मग दोघं बसा आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये अगदी हळू, इंग्रजी आठच्या आकड्यात फिरा. कॅप्टनच्या खांद्यांवर ताण आला, तर त्या खोक्यापेक्षा लहान बॅग घ्या. चढावर थांबून पुन्हा निघून बघा. निघतानाच्या पहिल्या तीन पायडलींत सगळं कळतं.

५. जोडणी कशी हवी

पुढच्या हँडलसाठी तीन प्रकार मिळतात.

पट्ट्यांनी बांधायची गुंडाळी बॅग हलकी आणि स्वस्त असते, आत रेनकोट-कपडे चांगले मावतात. पण ती हँडलला घट्ट चिकटली नाही तर डोलते, आणि डोलणारी बॅग हेच थरथरीचं बी.

खटका अडॅप्टरवर बसणारी पेटी-बॅग ही बहुतेकांच्या कामाची. जर्मन क्लिकफिक्स हा यातला जुना, सगळीकडे मिळणारा प्रकार. बटण दाबलं की बॅग हातात येते, पट्टा खांद्याला लावून हॉटेलात शिरायचं. मिसळीसाठी थांबलात आणि सायकल बाहेर उभी असली की याची किंमत कळते. या अडॅप्टरसोबत बारीक पोलादी तार असते, ती सांगितल्याप्रमाणे गुंडाळून आवळायची. "कशाला ती?" म्हणून तार खोक्यातच ठेवणारे लोक मी पाहिलेत. मग पहिल्याच खड्ड्यात बॅग मान टाकते.

तिसरी फ्रेंच पद्धतीची रँदोनूर बॅग, पुढच्या चाकावरच्या छोट्या कॅरिअरवर टेकणारी. वजन खाली आणि स्टिअरिंगच्या अक्षाजवळ राहतं, म्हणून वागायला ती सगळ्यात शहाणी. पण कॅरिअर वेगळं घ्यावं लागतं, आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) ते लावायची भोकं हवीत. पुढे जास्त सामान नेणं भागच असेल तर मी हाच खर्च करेन.

मागच्या हँडलसाठी आम्ही शेवटी दोन उभ्या गोल पाऊचवर आलो, पाण्याच्या बाटलीएवढ्या, हँडल आणि स्टेमच्या कोपऱ्यात बांधायच्या. डावीकडे खाणं, उजवीकडे फोन आणि कार्ड. तोंड दोरी ओढून बंद होतं, एका हाताने उघडतं.

६. झाकण, बॅगेची चेन आणि पाऊस

पुढच्या बॅगेचा खटका स्वाराच्या बाजूला हवा आणि झाकण पुढच्या बाजूला उघडणारं. मग वारा झाकण बंद करायला मदत करतो. उलट असेल तर वारा झाकण उचलून कॅप्टनच्या अंगावर आणतो, आणि पाऊस थेट आत.

तोंड गुंडाळून बंद करायची बॅग पावसात पक्की, पण तिला दोन हात लागतात. कॅप्टनकडे ते नाहीत, स्टोकरकडे आहेत. वेल्ड केलेल्या सांध्यांची पीव्हीसी बॅग कोकणातल्या जुलैतही कोरडी राहते, मात्र ओलं सामान आत ठेवून दोन दिवस विसरलात तर वासाने घर सोडावं लागेल. जाड सुती कॅनव्हास भिजल्यावर फुगतो आणि पाणी अडवतो, पण वाळायला वेळ घेतो. पावसाळ्यात त्याला बुरशी ठरलेली. चेनवाल्या बॅगेत पाणी चेनमधूनच शिरतं, कापड कितीही भारी असो. वेगळं रेनकव्हर असेल तर ते वाऱ्यात शिडासारखं फुगतं, त्याला खालून आवळायची दोरी आहे का ते बघा.

स्टोकर दृष्टिहीन असेल तर ही निवड आणखी नेमकी करावी लागते. पुण्यातली ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन दृष्टिहीन आणि डोळस स्वारांना टँडमवर एकत्र नेते. अशा जोडीसाठी एका मोठ्या कप्प्यापेक्षा दोन-तीन लहान कप्पे बरे, प्रत्येकाची बंद करायची रीत वेगळी, म्हणजे बोटांना लगेच कळतं. आणि वस्तूची जागा एकदा ठरली की कॅप्टनने ती परस्पर बदलायची नाही.

७. लावल्यावर

दिव्यासमोर बॅग आली का, ते अंधारात तपासा. बहुतेक वेळा येते. दिवा फोर्कच्या माथ्यावर किंवा अडॅप्टरच्या खाली न्या.

टँडम भिंतीला टेकवताना पुढची बॅग चाक वळवते आणि एवढी लांब सायकल घसरत आडवी होते. जुन्या ट्यूबमधून बोटभर रुंद कडं कापा आणि सायकल उभी करताना पुढचा ब्रेक दाबून लिव्हरवर चढवा. चाक जागचं हलत नाही. निघताना ते काढायला मात्र विसरू नका, आम्ही दोनदा विसरलोय.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर अडॅप्टरचे स्क्रू पुन्हा आवळा. दादाच्या पुढच्या बॅगेत आता फक्त त्याचा विंडचीटर, पाकीट आणि चष्म्याची डबी असते. मधूनमधून तो मागे हात करतो, मी त्यावर शेंगदाण्याचा लाडू ठेवते.