कॉम्प्युटर सायन्सबद्दल मुलांना खरंच काय वाटतं, हे कसं मोजायचं?

नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बायफोकलच्या, म्हणजे अकरावी-बारावीला व्यावसायिक विषय घेतलेल्या, मुलांना कॉम्प्युटर सायन्स शिकवते. २०० गुणांचा विषय असल्याने कोण किती शिकलं ते गुणपत्रिकेत कळतं. पण चांगले गुण मिळवणारी मुलगी बारावीनंतर "हे आपलं काम नाही" म्हणत या विषयाकडे पाठ फिरवते, ते कुठेच दिसत नाही. त्यासाठी वेगळी प्रश्नावली लागते.

आधी ठरवा की नेमकं काय मोजायचंय. "विषय आवडतो का?" एवढंच विचारून भागत नाही. एलिझाबेथ फेनेमा आणि ज्युलिया शेरमन या अमेरिकी संशोधकांनी १९७६ मध्ये गणिताबद्दलची मतं मोजायला जी प्रश्नावली केली, त्यात आत्मविश्वास, उपयुक्तता, "हा मुलांचाच विषय" ही समजूत, असे विधानांचे वेगवेगळे गट होते. पुढे तेच साचे कॉम्प्युटर सायन्ससाठीही वापरले गेले. मी तीन गट घेते: मला जमेल का, मला उपयोग आहे का, आणि माझ्यासारख्यांसाठी हे आहे का. प्रत्येक गटात पाच-सहा विधानं पुरतात.

खरी मेहनत विधानं लिहिण्यात आहे. एका विधानात एकच गोष्ट ठेवा. "प्रोग्रॅमिंग सोपं आणि मजेचं आहे" यावर ज्याला मजा येते पण अवघड जातं, त्याने काय लिहायचं? मराठीत आणखी एक अडचण आहे. "मी प्रोग्रॅम लिहू शकतो" असं छापलं की मुलींना ते वाक्य परकं वाटतं. "मला नवीन प्रोग्रॅम स्वतःहून लिहायला जमतं" असं लिहा, प्रश्न मिटतो. काही विधानं उलट्या अर्थाची हवीत, नाहीतर मुलं न वाचता सगळीकडे होकार भरतात. पण त्यात "नाही" घालू नका. "मला एररची भीती वाटत नाही" आणि त्यावर "पटत नाही", यात भलेभले गोंधळतात. त्याऐवजी "एरर आली की मला घाबरायला होतं" हे सरळ आहे.

मग वर्गाला देण्याआधी चार-पाच मुलांना एकेकटं बसवा आणि मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ही पायरी कृपया गाळू नका. "कॉम्प्युटर शिकल्याचा मला पुढे उपयोग होईल" यावर एका मुलीने ताडकन "अगदी पटतं" निवडलं. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "एमएससीआयटी तर लागतेच ना मॅडम, भरतीत मागतात." आणि प्रोग्रॅमिंगचा? "ते कायले लागते आम्हाले?" म्हणजे पाचपैकी पाच गुण, पण उत्तर भलत्याच प्रश्नाचं! आता त्या विधानात "प्रोग्रॅमिंग" असंच लिहिलेलं आहे. आमच्याकडे घरी हिंदी बोलणारी मुलंही बरीच आहेत. त्यांच्यासाठी हिंदी प्रत ठेवा आणि तीही अशीच वाचून घ्या.

उत्तरांसाठी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांची १९३२ची पाच पायऱ्यांची पद्धत पुरेशी आहे. "सहमत-असहमत"पेक्षा मुलांना "अगदी पटतं, पटतं, नक्की सांगता येत नाही, पटत नाही, अजिबात पटत नाही" हे जवळचं वाटतं. यांना ५ ते १ गुण द्या; उलट्या विधानांचे गुण ६ मधून वजा करा. तिन्ही गटांची बेरीज एकत्र करू नका, नाहीतर जे शोधायचं तेच हरवेल. गटातली विधानं एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबॅक अल्फा नावाचा आकडा सांगतो. ०.७ च्या पुढे असेल तर साधारण ठीक मानतात, पण वीसेक मुलांच्या वर्गात त्यावर फार भिस्त ठेवू नका.

प्रश्नावली वर्षाच्या सुरुवातीला आणि प्रिलिमच्या आधी, अशी दोनदा द्या. प्रॅक्टिकलचे गुण कळले त्या दिवशी मात्र नको. नाव घेऊ नका, पण दोन्ही कागद जुळायला हवेत. म्हणून आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्माची तारीख आणि घरच्या मोबाइलचे शेवटचे दोन अंक असा कोड लिहायला सांगा. कागद दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांनी वाटावेत, तुम्ही वर्गाबाहेर थांबा. इंटर्नलचे गुण ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर कोणीही "मला हा विषय नकोसा वाटतो" लिहीत नाही.

निकाल बघताना नुसती सरासरी काढू नका, कोणत्या पायरीवर किती जण आहेत ते मोजा. अर्धे पाचवर आणि अर्धे एकवर असले तरी सरासरी तीनच येते. उपयुक्तता वर आणि "जमेल का" खाली दिसलं, तर करिअरवरचं आणखी एक व्याख्यान नको. लॅबमध्ये जोडीने एरर शोधायला वेळ द्या.