१,२३,४५,६७,८९० चे मूळ अवयव कागदावर कसे काढायचे

एक ते नऊ अंक ओळीने आणि शेवटी शून्य. आकडा मोठा दिसतो, पण नीट क्रमाने गेलात तर कॅल्क्युलेटर लागत नाही.

आधी सोपे भाजक काढा. शेवटी शून्य आहे, म्हणून १० ने भागा: १२,३४,५६,७८९. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो: १,३७,१७,४२१. या संख्येची बेरीज २६, त्यामुळे ३ इथे संपला. (बेरीज २७ आली की २७ ने भाग जातोच असं नाही. १८९९ ची बेरीज २७ आहे, भाग जात नाही. ही कसोटी ३ आणि ९ पुरतीच.)

आता उरलेल्या संख्येला ७, ११, १३ असं भागत बसलात तर सुमारे पाचशे भागाकार करावे लागतील. त्याऐवजी सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती फर्मा यांची रीत वापरा: संख्या अ² − ब² अशी मांडता आली, तर अवयव अ − ब आणि अ + ब.

वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे येतं, म्हणून अ = ३७०४ घ्या. ३७०४² = १,३७,१९,६१६. यातून आपली संख्या वजा केली की २१९५. पाचाने संपणारा वर्ग नेहमी २५ नेच संपतो, तेव्हा ९५ पाहूनच हा सोडून द्या. पुढचा, म्हणजे ३७०५ चा, वर्ग नव्याने काढू नका, बाकीतच २ × ३७०४ + १ = ७४०९ मिळवा: ९६०४. हा ९८ चा वर्ग! म्हणून अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

दोन अवयव जवळजवळ असल्यामुळेच हे दोन पायऱ्यांत जमलं. ९८,७६,५४,३२१ मधून ९ काढून हीच रीत लावली तर सुमारे १ लाख ८० हजार पायऱ्या लागतात. तिथे साधा भागाकार बरा, १७ लगेच सापडतो. आणि २ आधी काढायला विसरलात तर रीत कधीच थांबत नाही. अ + ब आणि अ − ब एकतर दोन्ही सम असतात किंवा दोन्ही विषम, त्यामुळे २ ने भाग जाणारी पण ४ ने न जाणारी संख्या दोन वर्गांची वजाबाकी होऊच शकत नाही.

ताळा करा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जा. ३६०७ चा ७, ३८०३ चा ५, गुणाकार ३५ म्हणजे ८. १,३७,१७,४२१ चाही ८. अंकांची अदलाबदल या ताळ्यात पकडली जात नाही, म्हणून ११ चाही ताळा घ्या, म्हणजे ११ ने भागून बाकी पाहा: दोन्हीकडे बाकी ३ येते. दोन्ही अवयव मूळ आहेत का, हे ठरवायला ३६०७ ला ५९ पर्यंतच्या आणि ३८०३ ला ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणं पुरेसं आहे. कशानेच भाग जात नाही.

शेवटी २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३. विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: २ × ३ × २ × २ × २ = ४८. दोन्ही ३ वेगवेगळे धरले तर ६४ येतात, ते चूक. सगळ्या विभाजकांची बेरीज (१ + २) × (१ + ३ + ९) × (१ + ५) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३), म्हणजे ३ × १३ × ६ × ३६०८ × ३८०४ = ३,२१,१६,१०,६८८.